नॅस डोमेनला जोडतो म्हणजे नेमकं काय करतो?

शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या डिझाइन विभागात मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिथल्या नॅसवर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवायच्या नेटवर्कवरच्या पेटीवर, ३१ युजर होते आणि माणसं होती २४. वरची सात नावं कुणाची म्हणून विचारलं, तर अकाउंट्समधले काका यादीवरून बोट फिरवत एकेक सांगू लागले. "हा गेला पुण्याला. हिला सोडून दोन वर्षं झाली. आणि हा... हा आता समोरच्याच फाउंड्रीत आहे." त्या तिसऱ्या नावाचा पासवर्ड चालू होता. ड्रॉइंगच्या फोल्डरवर वाचायचे आणि लिहायचे, दोन्ही राइट्स होते. करोनाच्या काळात घरून काम करता यावं म्हणून नॅस बाहेरून उघडायची सोय केली होती, तीही तशीच चालू.

यात कुणाची लबाडी नव्हती. तो मुलगा सोडून गेला त्या दिवशी ऑफिसच्या सर्व्हरवरचं त्याचं खातं बंद झालं, मेलही बंद झाला. नॅसची यादी मात्र वेगळी होती, आणि तिथून नाव काढणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. एका ऑफिसात माणसांच्या दोन याद्या असल्या की त्यातली एक शिळी होतेच. नॅस मध्यवर्ती डिरेक्टरीला, म्हणजे ऑफिसातल्या माणसांच्या एकाच यादीला, जोडायचा तो या कारणासाठी. एकच पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो हा फायदा आहे, पण तो दुय्यम.

तर हे जोडणं म्हणजे काय, ते पहिल्यापासून बघू. नॅस म्हणजे नेटवर्कला लावलेली डिस्कची पेटी. दोन, चार, आठ डिस्क, आत एक छोटा संगणक, आणि त्यावर बहुतेक वेळा लिनक्स. विंडोजच्या माणसाला ती पेटी झेड ड्राइव्ह म्हणून दिसते, कारण आत सांबा नावाचा प्रोग्रॅम विंडोजची भाषा बोलत असतो. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने सांबाची सुरुवात केली, आणि आज सायनॉलॉजी घ्या, क्यूनॅप घ्या किंवा ट्रूनॅस, पोटात सहसा तोच असतो. हे सांगायचं कारण असं की मेनू वेगळे, रंग वेगळे, पण अडचणी त्याच. एका पेटीवर शिकलेलं दुसरीवर चालतं.

डिरेक्टरी हा शब्द आपल्याला टेलिफोनमुळे माहीत आहे, आणि नातं खरंच तिथूनच आहे. १९८८ मध्ये टेलिफोन क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय मंडळींनी एक्स.५०० नावाचं मानक काढलं: कोण कुठे आहे याची जगभर चालेल अशी यादी. ते फार अवजड निघालं. मग अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात त्याची हलकी आवृत्ती तयार झाली आणि १९९३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीच एलडॅप. एलडॅप म्हणजे यादीला प्रश्न विचारायची पद्धत: या नावाचा माणूस आहे का, तो कुठल्या ग्रुपमध्ये आहे, त्याचा मेल काय. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आलं आणि त्याच्याबरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली. तिच्यात एलडॅप आहे, ओळख पटवायला केर्बेरॉस आहे, आणि सगळं एकमेकांना सापडावं म्हणून नावावरून पत्ता सांगणारं डीएनएस आहे. ऑफिसात 'डोमेन' म्हणतात ते हेच, आणि ही यादी ज्या सर्व्हरवर असते तो डोमेन कंट्रोलर.

एक फरक आत्ताच मनात पक्का करून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नॅस डोमेनला जोडला की तो 'हा माणूस कोण' हे ठरवायचं काम सोडून देतो. ते आता डोमेन कंट्रोलर सांगतो. पण 'या माणसाने या फोल्डरमध्ये काय करायचं' हे नॅसकडेच राहतं, त्याच्याच डिस्कवर लिहिलेलं. म्हणजे ओळख बाहेरून येते आणि परवानगी घरात असते. जोडलं की सगळ्यांचे राइट्स आपोआप लागतील, असं समजून लोक बटण दाबतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता फोन खणखणू लागतात.

एसटीचा पास आणि कंडक्टर

ओळख बाहेरून येते ती कशी? इथे केर्बेरॉस समजून घ्यावा लागतो. नाव ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या राखणदार कुत्र्याचं, जन्म १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये, अथेना नावाच्या प्रकल्पात. तो तुम्ही रोज वापरता, फक्त दिसत नाही.

कॉलेजच्या पोराचा एसटीचा पास डोळ्यांसमोर आणा. पास आगारातून मिळतो. तिथे ओळखपत्र दाखवावं लागतं, फोटो लागतो, शिक्का बसतो. नंतर बसमध्ये कंडक्टर आगाराला फोन करून विचारत नाही, की हा अमुक पोरगा तुमचाच का. तो शिक्का बघतो, तारीख बघतो आणि पुढे जातो. शिक्का खरा की खोटा हे त्याला कळतं, एवढं पुरे.

डोमेनमध्ये तसंच घडतं. सकाळी तुम्ही संगणकावर पासवर्ड टाकता, तेव्हा डोमेन कंट्रोलर तुम्हाला दिवसभराचा एक मोठा पास देतो. तो सहसा दहा तास चालतो. मग तुम्ही झेड ड्राइव्ह उघडता. तुमचा संगणक तो मोठा पास दाखवून डोमेन कंट्रोलरकडून खास त्या नॅससाठीचं एक तिकीट घेतो आणि नॅसच्या हातात देतो. हे तिकीट कुलूपबंद असतं, आणि त्याची किल्ली जगात दोघांकडेच असते: डोमेन कंट्रोलरकडे आणि त्या नॅसकडे. नॅसने आपल्या किल्लीने उघडलं आणि उघडलं गेलं, म्हणजे ते खरोखर डोमेन कंट्रोलरनेच दिलं आहे. आत लिहिलेलं असतं: हा कोण आणि कुठल्या कुठल्या ग्रुपमध्ये आहे. तुमचा पासवर्ड नॅसपर्यंत गेलाच नाही.

'डोमेन जॉइन करणे' म्हणजे ही किल्ली ठरवणे. त्या क्षणी डिरेक्टरीत नॅसच्या नावाने संगणकाचं एक खातं तयार होतं आणि त्या खात्याला एक लांबलचक पासवर्ड मिळतो, जो माणसाला कधी दिसत नाही. नॅस तो आपल्याजवळ जपून ठेवतो आणि साधारण दर ३० दिवसांनी स्वतःच बदलतो. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे, की नॅस दोन महिने बंद राहिला तर तो डोमेनमधून निघतो. तसं नाही. पासवर्ड बदलायची सुरुवात नॅस करतो, त्यामुळे तो झोपलेला असेल तर जुनाच पासवर्ड दोन्हीकडे राहतो. गाडी अडते ती वेगळ्या ठिकाणी: कुणी नॅसची सहा महिन्यांपूर्वीची सेटिंग बॅकअपमधून परत आणली, तर नॅसकडे जुनी किल्ली येते आणि डोमेन कंट्रोलरकडे नवी असते. मग तिकीट उघडतच नाही. उपाय एकच, पुन्हा जॉइन करणे.

आणि एक सवय आजच मोडा. ड्राइव्ह मॅप करताना आकडे टाकायची: १९२.१६८ वगैरे. तिकीट नावावर निघतं. तुम्ही आयपी पत्ता टाकलात की विंडोज सहसा केर्बेरॉसच्या वाटेला जातच नाही. ते एनटीएलएम या जुन्या पद्धतीवर उतरतं, ज्यात नॅसला दर वेळी डोमेन कंट्रोलरला विचारावं लागतं. चालतं, म्हणून कुणाला खटकत नाही. पण एनटीएलएम आता निरोपाच्या वाटेवर आहे, असं मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये जाहीर केलेलं आहे. तो जाईल तेव्हा आकड्यांनी जोडलेले सगळे ड्राइव्ह एकदम लाल होतील. नावाने जोडा.

नाव आणि वेळ

जॉइन होत नाही अशी तक्रार आली की मी दोन गोष्टी आधी बघतो, आणि बहुतेक वेळा तिसरी बघावी लागत नाही.

पहिली डीएनएस. नॅसला डोमेन कंट्रोलर शोधायचा असतो, आणि तो नुसत्या नावाने शोधत नाही. तो डीएनएसला विचारतो, 'या डोमेनची केर्बेरॉसची सेवा कोण देतं? एलडॅपची कोण देतं?' याची उत्तरं फक्त डोमेनच्या स्वतःच्या डीएनएसमध्ये लिहिलेली असतात. नॅसवर ८.८.८.८ टाकलेलं असेल तर गूगलच्या त्या सर्व्हरला तुमच्या शिरोलीच्या कारखान्यातलं काय माहीत असणार? काही जण पहिला डीएनएस ऑफिसचा टाकतात आणि दुसरा गूगलचा, 'असावा एक जादा' म्हणून. हे अधिक वाईट, कारण मग दोष अधूनमधून येतो. पहिल्याने उत्तर द्यायला क्षणभर उशीर केला की नॅस दुसऱ्याकडे जातो, तिथे 'असं डोमेनच नाही' असं ऐकतो, आणि लोकांना आत घेणं बंद करतो. अर्ध्या तासाने आपोआप सुरळीत. असा दोष शोधताना आठवडा जातो. दुसरा डीएनएस हवाच असेल तर तो दुसरा डोमेन कंट्रोलर असू दे.

दुसरी गोष्ट घड्याळ. तिकिटावर वेळ लिहिलेली असते, म्हणजे कुणी मधल्या मध्ये त्याची नक्कल करून नंतर वापरू शकणार नाही. दोन्हीकडच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की केर्बेरॉस तिकीट फेकून देतो. ही पाच मिनिटांची मर्यादा पुस्तकात सगळे वाचतात. प्रत्यक्षात काय होतं ते मी एकदा अगदी जवळून पाहिलं.

एका ऑफिसात नॅस काही केल्या जॉइन होईना. संदेश यायचा, 'क्लॉक स्क्यू टू ग्रेट', म्हणजे घड्याळांत फार फरक आहे. तिथला मुलगा मला घड्याळ दाखवत होता. नॅसच्या पडद्यावर ११:०५. भिंतीवर ११:०५. डोमेन कंट्रोलरवर ११:०५. "सर, एका मिनिटाचा फरक नाही." आणि डोळ्यांना दिसत होतं ते खरंच होतं. मग मी टाइम झोन उघडला. तिथे तैपेई. पेटी नवीन आणली तेव्हा त्यात तोच झोन होता, घड्याळ अडीच तास पुढे दिसलं, आणि कुणीतरी झोन न बदलता काटे हाताने मागे घेतले. पडद्यावर वेळ बरोबर झाली. पण केर्बेरॉस पडद्यावरची वेळ बघत नाही, तो जागतिक वेळ बघतो. तैपेई जागतिक वेळेच्या आठ तास पुढे, आपण साडेपाच तास. नॅसच्या हिशेबाने जागतिक वेळ होती पहाटेचे ३:०५, खरी होती ५:३५. बरोबर अडीच तासांची चूक, बरोबर दिसणाऱ्या घड्याळाच्या आत लपलेली. झोन कोलकाता केला, वेळ डोमेन कंट्रोलरकडूनच घ्यायला सांगितली, आणि पुढच्या मिनिटाला जॉइन झालं. त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं, त्याने दिसत होतं ते प्रामाणिकपणे तपासलं होतं.

हे दोन्ही ठीक असेल तर प्रत्यक्ष जोडणं म्हणजे डोमेनचं पूर्ण नाव, एक युजर, एक पासवर्ड आणि एक बटण. नॅसचं नाव पंधरा अक्षरांच्या आत ठेवा, ती मर्यादा विंडोजच्या नेटबायॉस या जुन्या नावपद्धतीपासून चालत आलेली आहे. आणि डोमेनच्या मुख्य अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड त्या पानावर टाकू नका. यंत्र जोडण्यापुरताच हक्क असलेलं वेगळं खातं करून ते वापरा.

मधला आकडा

आता या सगळ्या प्रकरणाच्या गाभ्याकडे येतो. हा भाग माहितीपत्रकांत नसतो, आणि मोठी नुकसानं इथेच होतात.

विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला एक लांब ओळखक्रमांक असतो, एसआयडी. त्याची सुरुवात एस-१-५-२१ अशी होते, मग तुमच्या डोमेनचे तीन मोठे आकडे, आणि शेवटी त्या माणसाचा स्वतःचा आकडा, समजा ११०४. लग्नानंतर नाव बदललं, स्पेलिंग सुधारलं, तरी हा क्रमांक तोच राहतो. खातं उडवून त्याच नावाने नवं केलंत तर मात्र क्रमांक नवा, आणि जुन्या फाइलींना तो माणूस अनोळखी.

नॅसच्या पोटातल्या लिनक्सला हा लांब क्रमांक समजत नाही. त्याच्याकडे प्रत्येक माणसासाठी एक साधा पूर्णांक असतो, यूआयडी. डिस्कवर फाइलचा मालक म्हणून तोच आकडा लिहिला जातो. म्हणजे कुणीतरी मधे बसून भाषांतर करायला हवं: हा एसआयडी म्हणजे हा यूआयडी. सांबामध्ये हे काम विनबाइंड करतो.

भाषांतराच्या दोन तऱ्हा आहेत. एक हिशेबाची: एसआयडीच्या शेवटच्या आकड्यात एक ठरावीक संख्या मिळवायची. पाया १०००० धरला तर ११०४ चा झाला १११०४. आज करा, वर्षाने करा, दुसऱ्या नॅसवर करा, उत्तर तेच. दुसरी तऱ्हा रांगेची: जो आधी येईल त्याला पुढचा रिकामा आकडा. पहिल्यांदा आला तो १००००, मग १०००१, आणि ही जोडी एका छोट्या फाइलीत लिहून ठेवायची.

रांगेच्या तऱ्हेत धोका कुठे आहे तो बघा. ती छोटी फाइल हरवली, नॅस कोरा करून पुन्हा उभा केला, तर डिस्कवरच्या फाइली तशाच राहतात, त्यांवरचे आकडेही तसेच. पण आता पहिल्यांदा कोण लॉगिन करतो यावर नवे आकडे वाटले जातात. मी पाहिलेल्या एका ऑफिसात नेमकं असं झालं. यंत्र पुन्हा चढवलं, डोमेनला जोडलं, फाइली सगळ्या सुखरूप दिसल्या, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. दुपारी स्टोअर्समधला नवा मुलगा बिचकत आला आणि म्हणाला, "साहेब, मला पगाराचं फोल्डर दिसतंय." आधी अकाउंटंटचा असलेला आकडा त्या सकाळी त्याच्या वाट्याला आला होता. त्याने सांगितलं म्हणून कळलं. दोन नॅस असतील तर हाच घोळ कॉपी करताना होतो: एकीकडे तो माणूस १०००३, दुसरीकडे १००१७, आणि रात्रीचं सिंक आकडे जसेच्या तसे नेतं.

म्हणून जॉइनचं बटण दाबण्याआधी आयडी मॅपिंग असं काही पान असेल ते उघडा आणि हिशेबाची तऱ्हा निवडा. पाया किती धरला ते कागदावर लिहा, सगळ्या नॅसवर तोच ठेवा, आणि एकदा लोकांनी फाइली ठेवल्या की त्याला हात लावू नका. जिथे लिनक्सचे संगणकही एनएफएसने, म्हणजे लिनक्सकडच्या फाइल शेअरिंगच्या पद्धतीने, त्याच नॅसला जोडलेले आहेत, तिथे तर हे फारच महत्त्वाचं, कारण साधा एनएफएस समोरच्या संगणकाने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो. तिथे डिरेक्टरीतच प्रत्येकाच्या खात्यात यूआयडी लिहून ठेवणं सगळ्यांत उत्तम.

सकाळी नऊच्या फोनांचं कारणही हेच. जोडण्याआधी नॅसवर स्थानिक युजर होते, त्यांचे आकडे समजा १०३० च्या आसपासचे. जोडल्यावर तीच माणसं डोमेनमधून आली, आकडा १११०४. नाव तेच, माणूस तोच, पण नॅसच्या दृष्टीने पूर्ण परका. जुन्या फाइली जुन्या आकड्याच्या मालकीच्या राहतात. त्यामुळे जॉइन शनिवारी संध्याकाळी करा आणि रविवार मालकी व राइट्स बदलायला राखून ठेवा. चार-पाच लाख फाइलींवर राइट्स चढवायला पेटीला तासन्‌तास लागतात.

एलडॅप आहे, मग आत का जाता येत नाही?

विंडोजचा सर्व्हर नसलेली, लिनक्सवर एलडॅप चालवणारी ठिकाणंही आहेत, विशेषतः महाविद्यालयं. तिथे नॅस एलडॅपला जोडतात, सगळी नावं यादीत दिसतात, आणि एकालाही फोल्डर उघडता येत नाही. पासवर्ड बरोबर असतो. वेबच्या पानावर त्याच पासवर्डने लॉगिनही होतं.

कारण असं: तिकीट नसेल तेव्हा विंडोजचं फाइल शेअरिंग पासवर्ड तारेवरून पाठवत नाही. नॅस एक कोडं घालतो, तुमचा संगणक पासवर्डपासून काढलेल्या एका ठशाने ते सोडवतो, आणि नॅसकडे तोच ठसा असेल तर त्याला उत्तर पडताळता येतं. हा ठसा विशिष्ट प्रकारचाच लागतो, ज्याला एनटी हॅश म्हणतात. एलडॅपमध्ये पासवर्ड ठेवलेला असतो तोही ठशाच्याच रूपात, पण वेगळ्या पद्धतीने काढलेला. एका ठशावरून दुसरा काढता येत नाही, तसा तो काढता येऊ नये अशीच त्याची रचना आहे. म्हणून एलडॅपमध्ये सांबासाठीचे जादा रकाने बसवावे लागतात आणि प्रत्येकाला एकदा पासवर्ड बदलायला लावावा लागतो, म्हणजे त्या क्षणी दोन्ही ठसे तयार होतात.

लहान ऑफिसला माझा सल्ला विचाराल तर या वाटेने जाऊ नका. डिसेंबर २०१२ मध्ये सांबा ४.० आलं, तेव्हापासून सांबा स्वतःच अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचा डोमेन कंट्रोलर होऊ शकतो, परवान्याच्या एका पैशाशिवाय. जुना संगणक, थोडा अभ्यास, आणि केर्बेरॉससकट सगळं मिळतं. मायक्रोसॉफ्टची क्लाउडमधली एंट्रा डिरेक्टरी घेतलेली असेल तर एवढं ध्यानात घ्या, की ऑफिसातला नॅस तिला थेट याच पद्धतीने जॉइन होत नाही. त्यासाठी डोमेन सर्व्हिसेस नावाची वेगळी सेवा घ्यावी लागते, आणि तिचं बिल वेगळं येतं.

राइट्स माणसाला देऊ नका

ओळखीचं झालं. घरात राहिलेल्या परवानगीबद्दल मी एकाच गोष्टीचा आग्रह धरतो: फोल्डरवर माणसाचं नाव कधीही चढवू नका. डिरेक्टरीत प्रत्येक महत्त्वाच्या फोल्डरसाठी दोन ग्रुप करा, एक वाचणाऱ्यांचा आणि एक लिहिणाऱ्यांचा. नॅसवर त्या दोन ग्रुपना एकदाच राइट्स द्या आणि नॅसचं पान बंद करा. पुढे कोण आला, कोण गेला, कोण डिझाइनमधून खरेदी विभागात गेला, हे सगळं डिरेक्टरीत होतं. शिरोलीत आम्ही असे चौदा ग्रुप केले. आता ते काम एचआरच्या ताई करतात, नॅसचं नावसुद्धा त्यांना माहीत असण्याची गरज नाही.

यात एक खाच आहे, ती त्या ताईंना समजावून ठेवावी लागते. नवी मुलगी पावणेदहाला लॉगिन करून बसली, सव्वादहाला तिला ग्रुपमध्ये घातलं, तरी फोल्डर उघडत नाही. ग्रुपची यादी तिच्या सकाळच्या पासात छापलेली आहे आणि तो पास सव्वादहाच्या आधीचा आहे. लॉगऑफ करून परत यायचं, नवा पास मिळतो, काम होतं. लोक या अर्ध्या तासात घाबरून फोल्डर सगळ्यांना खुलं करून टाकतात, आणि मग ते तसंच राहतं.

शेअरवरचे (नेटवर्कवर दिसणाऱ्या सगळ्यांत वरच्या फोल्डरवरचे) राइट्स आणि आतल्या फोल्डरवरचे राइट्स हे दोन वेगळे दरवाजे आहेत, दोन्हींतून जावं लागतं, आणि जो कडक तो लागू. शेअरच्या दारावर सैल आणि फोल्डरवर नेमके, असं ठेवलं की डोकं शांत राहतं. जुनं झेरॉक्स-स्कॅनर यंत्र थेट नॅसवर स्कॅन टाकत असेल तर त्याला केर्बेरॉस वगैरे कळत नाही. त्याच्यासाठी नॅसवरच एक स्थानिक युजर ठेवा, एकाच फोल्डरपुरता.

स्थानिक अ‍ॅडमिनचं खातंही ठेवायलाच हवं. लांब पासवर्ड, कागदावर, तिजोरीत. डोमेन कंट्रोलर बसला तर नॅसमध्ये शिरायला तीच एक वाट उरते, आणि डोमेन कंट्रोलरचा बॅकअप त्याच नॅसवर असेल तर तिच्यावाचून तो बॅकअपही हाती लागत नाही.

आणि एक नॅस मी कधीच डोमेनला जोडत नाही: ज्यावर बॅकअप जातो तो. बऱ्याच पेट्यांवर जॉइन झाल्याबरोबर डोमेनचे अ‍ॅडमिन हे नॅसचेही अ‍ॅडमिन होतात. खंडणीखोर व्हायरस आत शिरला की त्याचं पहिलं लक्ष्य डोमेन अ‍ॅडमिनचं खातं असतं. ते त्याला मिळालं, तर डोमेनला जोडलेला प्रत्येक डबा त्याच्या हातात जातो, बॅकअपसकट. बॅकअपच्या नॅसची यादी वेगळी असू दे, दोन नावांची, आणि ते दोन पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेले नसावेत. मी सुरुवातीला दोन याद्यांविरुद्ध बोललो. ही दुसरी यादी मात्र मुद्दाम ठेवायची आहे, आणि ती दोनच नावांची असल्यामुळे शिळी होत नाही.

शिरोलीत जोडणी झाल्यावर तीन महिन्यांनी एक जण सोडून गेला. त्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी एचआरच्या ताईंनी डिरेक्टरीत त्याचं खातं बंद केलं आणि मला फोन केला, "झालं ना आता?" मी नॅसचं पान उघडलं. आता कोण जोडलेलं आहे त्या यादीत त्याचं नाव होतं, साडेनऊपासून. खातं बंद केलं की नवा पास मिळत नाही, पण सकाळचा पास आणि उघडलेलं सेशन आपोआप तुटत नाही. त्या नावावर क्लिक करून मी कनेक्शन तोडलं, आणि त्याच्या टेबलावरचा संगणक ताईंना बंद करायला सांगितला. तेव्हापासून त्यांच्या शेवटच्या दिवसाच्या कागदावर किल्ल्या, ओळखपत्र आणि हेल्मेट यांच्या खाली चौथी ओळ आहे: खातं बंद, नॅसवरचं सेशन बंद, वेळ लिहा, सही करा.